रेघेवर चालणारी गाडी: लेन-असिस्टला काय दिसते आणि काय दिसत नाही

मागच्या पावसाळ्यात मेहुण्याच्या नव्या गाडीतून पनवेलहून पुण्याला निघालो होतो. द्रुतगती मार्गाला लागल्यावर त्याने स्टिअरिंगवरचे एक बटण दाबले, मीटरच्या पडद्यावर छोटे हिरवे चिन्ह उमटले आणि तो कौतुकाने म्हणाला, "भाऊजी, आता बघा, गाडी लेन सोडत नाही." भाताण आणि माडप हे दोन्ही बोगदे गाडीने खरोखरच नीट पार केले. त्याच्या बोटांखाली स्टिअरिंग आपणहून बारीक बारीक हलत होते, एखादा मुरलेला चालक हलवतो तसे. खालापूरच्या टोलनाक्याआधी रस्ता एकदम रुंद होतो, तीन लेनच्या जागी टोलच्या कितीतरी रांगा फुटतात आणि पांढरे पट्टे संपतात. त्याच ठिकाणी ते हिरवे चिन्ह राखाडी झाले. ना आवाज झाला, ना स्टिअरिंग थरथरले. टोल ओलांडून गाडीने पुन्हा वेग घेतला, तेव्हा यंत्रणा चालूच आहे अशी मेहुण्याची समजूत होती. गाडी डावीकडच्या ट्रकच्या दिशेने हळूच सरकू लागली, मी नुसते "अरे!" म्हणालो आणि त्याने स्टिअरिंग घट्ट धरले.

झाले काहीच नाही. मात्र हिरवे चिन्ह राखाडी होणे आणि चालकाला ते कळणे यांत किती अंतर असते, हे त्या दिवशी नीट दिसले. लेन सांभाळणाऱ्या यंत्रणांच्या बहुतेक मर्यादा त्याच अंतरात दडलेल्या आहेत, म्हणून त्या समजून घ्यायच्या तर आधी यंत्रणेला रस्ता कसा दिसतो ते पाहावे लागते.

'लेन-असिस्ट' या सैल नावाखाली तीन निराळ्या गोष्टी विकल्या जातात आणि बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो. पहिली यंत्रणा फक्त इशारा देते. इंडिकेटर न देता गाडी पट्ट्यावर आली की आवाज करते किंवा स्टिअरिंग थरथरवते. दुसरी यंत्रणा, गाडी पट्ट्याजवळ गेल्यावर, स्टिअरिंगला आतल्या बाजूला हलका रेटा देते आणि पुन्हा गप्प बसते. तिसरी यंत्रणा गाडीला लेनच्या मध्यावर सतत धरून ठेवण्याचा प्रयत्न करते. वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने २०१४ मध्ये स्वयंचलनाच्या ० ते ५ अशा पातळ्या ठरवल्या. त्या हिशेबाने पहिल्या दोन यंत्रणा शून्याव्या पातळीच्या ठरतात, कारण त्या क्षणभरच हस्तक्षेप करतात. तिसरी यंत्रणा पुढच्या गाडीशी अंतर राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलच्या जोडीने चालू असेल, तर ती 'लेव्हल २' होते. शोरूममध्ये हा 'लेव्हल २' शब्द एखाद्या पदवीसारखा उच्चारला जातो. व्याख्येप्रमाणे त्याचा अर्थ एवढाच, की स्टिअरिंग आणि वेग या दोन्हींना यंत्र हातभार लावते, पण रस्त्यावर नजर ठेवण्याचे काम पूर्णपणे चालकाचेच राहते.

आता यंत्राच्या डोळ्याकडे वळू. आतल्या आरशामागे, पुढच्या काचेला चिकटून एक छोटा कॅमेरा बसवलेला असतो. तो सेकंदाला कित्येक चित्रे घेतो आणि गाडीतला संगणक प्रत्येक चित्रात लेनच्या कडा शोधतो. जुन्या पद्धतीत शोध साधा होता: काळ्या पृष्ठभागावर पांढरी, लांबट, समोर जाऊन दुसरीला मिळाल्यासारखी दिसणारी रेघ. आताच्या यंत्रणांना लाखो चित्रे दाखवून शिकवलेले असते, त्यामुळे त्यांना रस्त्याची मातीची कड, कठडा किंवा दुभाजकही काही प्रमाणात ओळखता येतो. तरीही मुख्य भिस्त रंगवलेल्या पट्ट्यांवरच असते. सापडलेल्या ठिपक्यांतून संगणक एक वक्ररेषा बसवतो आणि तीन गोष्टी काढतो: गाडी लेनच्या मध्यापासून किती बाजूला आहे, तिचे नाक कोणत्या दिशेला आहे आणि पुढे वळण किती आहे. या तीन आकड्यांवरून विजेवर चालणाऱ्या स्टिअरिंगच्या मोटरला किती जोर लावायचा ते ठरते.

यात एक गृहीतक बेमालूम मिसळलेले असते. एकाच कॅमेऱ्याच्या चित्रात खोली नसते. चित्राच्या कोणत्या ओळीत बिंदू दिसतो त्यावरून तो किती मीटर पुढे आहे हे काढावे लागते, आणि त्यासाठी समोरचा रस्ता साधारण सपाट आहे असे धरावे लागते. चढाच्या माथ्यावर रस्ता पुढे एकदम उतरतो, पट्टे चित्रातून नाहीसे होतात आणि यंत्राची दृष्टी काही मीटरांवर येते. माणसाला त्या माथ्यावर झाडांची रांग दिसते, विजेचे खांब डावीकडे वळलेले दिसतात, समोरून येणाऱ्या ट्रकच्या टपाचा तुकडा दिसतो आणि तो मनातल्या मनात रस्ता पूर्ण करतो. यंत्राला ही हातोटी फारशी साधलेली नाही.

लेनमध्ये मोकळी जागा किती असते ते मोजून पाहिले, तर चुकीला किती कमी वाव आहे हे लक्षात येते. आपल्या महामार्गावरची लेन साधारण साडेतीन मीटर रुंद असते आणि मध्यम आकाराची मोटार १.९ मीटरच्या आसपास. म्हणजे दोन्ही बाजूंना ८० सेंटिमीटर उरतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. या वेगात तिचे नाक लेनच्या दिशेपासून फक्त एक अंश फिरलेले असेल, तर ती सेकंदाला सुमारे अर्धा मीटर बाजूला सरकते आणि पावणेदोन सेकंदांच्या आत शेजारच्या लेनच्या पट्ट्यावर पोहोचते. दोन अंशांत हा अवधी सेकंदाहून कमी होतो. यंत्र बंद पडल्यावर चालकाच्या हाती असतो तो एवढाच वेळ, आणि त्यातच त्याने ते बंद पडल्याचे ओळखायचेही असते.

पट्टे म्हणजे शेवटी रंग, आणि रंगाला ऊन, पाऊस, टायर आणि कंत्राटदार हे सगळे लागू असतात. महामार्गावर वापरल्या जाणाऱ्या जाड, तापवून ओतलेल्या रंगात काचेचे बारीक मणी मिसळतात आणि वरूनही शिंपडतात. रात्री हेडलाइटचा प्रकाश हे मणी आल्या दिशेने परत पाठवतात, म्हणून पट्टा चमकतो. पावसात रस्त्यावर पाण्याचा पातळ थर साचला की मणी त्याखाली बुडतात, प्रकाश परत येण्याऐवजी आरशावरून घसरावा तसा पुढे निघून जातो आणि पट्टा दिसेनासा होतो. उलट समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांचे लांबलचक प्रतिबिंब मात्र ओल्या रस्त्यावर झकास पांढऱ्या रेघेसारखे पडते. जुलैमधल्या रात्री घाटाखाली गाडी चालवणाऱ्या कोणालाही हे सांगायला नको. फरक इतकाच की आपण अशा वेळी वेग कमी करून पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांच्या आधाराने जातो. यंत्र जे दिसेल त्यावर रेषा बसवते, नाही तर हात वर करते.

काँक्रीटच्या रस्त्याची तऱ्हा आणखी वेगळी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आहे. फिकट करड्या पृष्ठभागावर पांढरा पट्टा उठून दिसत नाही, आणि त्यात भर म्हणजे काँक्रीटच्या फरशा जिथे एकमेकींना भिडतात, ते उभे सांधे रस्त्याच्या लांबीच्याच दिशेने धावतात. सांधा डांबराने भरलेला असला तर तो सरळ, काळाभोर आणि कित्येक किलोमीटर अखंड असतो. डांबरी रस्त्यावरच्या भेगा बुजवताना ओतलेल्या डांबराच्या वाकड्या ओळी दुपारच्या उन्हात चकाकतात तेव्हा त्या कॅमेऱ्याला पांढऱ्या वाटू शकतात. रस्त्याची लेन बदलून आखली की जुने पट्टे खरवडतात किंवा त्यांवर काळा रंग मारतात. विशिष्ट कोनातून येणाऱ्या प्रकाशात ते मिटवलेले पट्टे पुन्हा प्रकट होतात आणि एकाच रस्त्यावर दोन मते दिसू लागतात. जर्मनीत रस्त्याचे काम चालू असताना तात्पुरते पिवळे पट्टे मारतात आणि नियम असा की पिवळा पट्टा असेल तिथे पांढरा रद्द समजायचा. माणूस हे एकदा शिकला की पुरते. यंत्राला मात्र रंगही ओळखावा लागतो आणि त्या रंगाचा अर्थही. पिवळ्या सोडियम दिव्यांखाली तर हे दोन रंग आपल्यालाही वेगळे काढता येत नाहीत.

बोगद्यातून बाहेर पडताना डोळे दिपतात तसा कॅमेराही क्षणभर दिपतो. पुण्याहून मुंबईकडे संध्याकाळी येताना कितीतरी वेळ मावळता सूर्य थेट काचेवर असतो. रहदारी दाट असली तर पट्टे पुढच्या गाडीखाली झाकले जातात. काही यंत्रणा मग त्या गाडीच्या मागोमाग जाण्याचा मार्ग पत्करतात, आणि पुढचा ट्रकवाला डुलकी घेत बाजूला सरकला तर आपणही त्याच्या पाठोपाठ सरकतो. २०१९ मध्ये चीनमधील टेन्सेंट कंपनीच्या कीन सुरक्षा प्रयोगशाळेने याच दुबळेपणावर बोट ठेवले. संशोधकांनी रस्त्यावर तीन छोटे स्टिकर अशा बेताने चिकटवले की टेस्लाच्या ऑटोपायलट नावाच्या अशाच यंत्रणेने ते लेनचा पट्टा मानले आणि गाडी समोरून येणाऱ्या वाहनांच्या लेनकडे वळवली. माणसाच्या नजरेला त्या स्टिकरांत लक्ष देण्यासारखे काहीच नव्हते.

हे सारे एकत्र येते तेव्हा काय होते, याची सर्वांत तपशीलवार नोंद कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथे २३ मार्च २०१८ रोजी झालेल्या अपघाताची आहे. तिथे १०१ क्रमांकाच्या महामार्गावरून डावीकडे ८५ क्रमांकाच्या रस्त्याला जाणारी लेन फुटते. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे डावी बाजू म्हणजे वेगवान बाजू. दोन लेन एकमेकींपासून दूर जाऊ लागतात तिथे मध्ये एक निमुळती, वाहनांसाठी नसलेली जागा तयार होते आणि तिच्या टोकाला काँक्रीटचा दुभाजक सुरू होतो. या जागेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे: तिला डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक पांढरी रेघ असते, म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीने ती हुबेहूब एक लेनच असते, सुरुवातीला अरुंद आणि पुढे रुंद होत जाणारी. त्या ठिकाणचे पट्टे झिजलेलेही होते. ऑटोपायलटवर चाललेली टेस्ला मॉडेल एक्स आपल्या लेनमधून डावीकडे या निमुळत्या जागेत शिरली. पुढची गाडी आता तिच्या वाटेत राहिली नव्हती आणि क्रूझ कंट्रोलवर वेग त्याहून जास्त लावलेला होता, त्यामुळे ताशी सुमारे १०० किलोमीटरवरून तिने उलट वेग वाढवला आणि ताशी ११४ किलोमीटरने ती दुभाजकाच्या टोकावर आदळली. धक्का शोषून घेण्यासाठी तिथे बसवलेला सांगाडा अकरा दिवसांपूर्वीच्या दुसऱ्या अपघातात चेपला होता आणि दुरुस्त झाला नव्हता. चालकाचा मृत्यू झाला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने फेब्रुवारी २०२० मध्ये या अपघाताचे निष्कर्ष मांडले. शेवटचे सहा सेकंद चालकाचे हात स्टिअरिंगवर असल्याची नोंद नव्हती. तो फोनवरच्या खेळात गुंतला असावा असे मंडळाने म्हटले. गाडीने टक्कर होणार असल्याचा इशारा दिला नाही आणि आपणहून ब्रेकही लावला नाही. त्या जागी गाडी डावीकडे ओढते, हे चालकाने घरच्यांना आधीच सांगितले होते, आणि मला तरी या संपूर्ण प्रकरणात हाच भाग सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. यंत्राची चूक त्याला ठाऊक होती, जागाही ठाऊक होती, तरी रोजच्या वाटेवर रोज बरोबर चालणाऱ्या यंत्राने त्याचे लक्ष हळूहळू काढून घेतले.

याला चालकाचा निष्काळजीपणा म्हणून मोकळे होता येते, पण माणसाच्या मनाची घडणच अशी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातील रडारवर बसणारे जवान काही वेळाने पडद्यावरचे ठिपके का चुकवतात, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी केला. त्यांनी एक घड्याळ बनवले, ज्याचा काटा ठरावीक पावलांनी पुढे सरके आणि क्वचित एकदम दोन पावले उडी मारी. पाहणाऱ्याने तेवढी उडी टिपायची. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की पहिल्या अर्ध्या तासातच चुकवलेल्या उड्यांचे प्रमाण ठळकपणे वाढते. क्वचित घडणाऱ्या गोष्टीची वाट पाहत बसणे हे काम माणसाला जमत नाही, आणि लेव्हल २ ची यंत्रणा चालकाकडून नेमके तेच काम मागते. जी यंत्रणा दर दोन किलोमीटरला चुकते ती चालकाला जागे ठेवते. जी दोनशे किलोमीटरमध्ये एकदाच चुकते, ती जास्त चांगली असूनही त्या एका वेळी चालकाला गाफील गाठते.

या बाबतीत जुन्या प्रयोगांकडे पाहणे उपयोगी पडते. १९९५ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी पिट्सबर्गहून सॅन दिएगोपर्यंत एक व्हॅन नेली. वेग आणि ब्रेक माणसाकडे होते, स्टिअरिंग संगणकाकडे. २,८४९ मैलांपैकी ९८.२ टक्के अंतर संगणकाने स्टिअरिंग सांभाळले. आजच्या फोनपुढे नगण्य वाटावे अशा संगणकावर, तीस वर्षांपूर्वी, ९८ टक्के काम झाले होते. उरलेले १.८ टक्के म्हणजे सुमारे ८० किलोमीटर, आणि तेव्हापासूनची सगळी मेहनत, सगळा पैसा या शेपटाला लागलेला आहे. २०२० मध्ये अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने पाच नव्या गाड्या खऱ्या रस्त्यांवर ४,००० मैल चालवून पाहिल्या, तेव्हा सरासरी दर आठ मैलांना, म्हणजे तेरा किलोमीटरला, काही ना काही गडबड नोंदली गेली आणि त्यांतल्या ७३ टक्के गडबडी लेन सांभाळण्याशी संबंधित होत्या.

चालकाचे लक्ष टिकावे म्हणून कंपन्या आणि नियम काय करतात, हेही पाहू. वाहनांच्या स्टिअरिंगसाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत ७९ क्रमांकाचा नियम आहे आणि युरोपसह अनेक देश तो पाळतात. लेनच्या मध्यावर गाडी धरून ठेवणाऱ्या यंत्रणेने, हात स्टिअरिंगवर नसल्यास जास्तीत जास्त १५ सेकंदांत दृश्य इशारा आणि ३० सेकंदांत आवाजाचा इशारा दिला पाहिजे, असे तो सांगतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने १५ सेकंद म्हणजे ४०० मीटरहून अधिक. शिवाय पुष्कळ गाड्यांमध्ये हात आहेत की नाहीत हे स्टिअरिंगवर पडणाऱ्या पिळावरून ठरते. सरळ रस्त्यावर हलक्या हाताने चालवणाऱ्या सावध चालकाला गाडी विनाकारण 'हात ठेवा' म्हणते, आणि स्टिअरिंगला पाण्याची बाटली लटकावणारा महाभाग मात्र सुटतो. असा फसवणुकीचा भार विकणाऱ्या एका उत्पादनावर अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाला २०१८ मध्ये कारवाई करावी लागली. चालकाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणारा आतला कॅमेरा हा त्याहून बरा उपाय आहे, पण तोही सर्वत्र नाही आणि जिथे आहे तिथे पुरेसा कडक असेलच असे नाही. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने मार्च २०२४ मध्ये अशा १४ यंत्रणांची पारख केली, तेव्हा चालकाला सावध ठेवण्याच्या निकषावर ११ यंत्रणा सपशेल कमी पडल्या आणि फक्त एकीला समाधानकारक शेरा मिळाला.

त्याच ७९ क्रमांकाच्या नियमात आणखी एक आकडा आहे, जो आपल्या घाटांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मोटारीसाठी यंत्रणेने वळणावर बाजूच्या दिशेने जास्तीत जास्त ३ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढेच त्वरण निर्माण करावे, अशी मर्यादा आहे. वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने भागले की हे त्वरण मिळते. त्यावरून हिशेब केला तर ताशी १०० किलोमीटरला सुमारे २६० मीटर त्रिज्येपर्यंतचे वळण यंत्रणेच्या आवाक्यात येते, ताशी ६० ला ९० मीटरच्या आसपास. वरंध किंवा आंबेनळी घाटातली वळणे याहून कितीतरी आवळ असतात, आणि तिथल्या वेगाला अनेक यंत्रणा चालूच होत नाहीत. मोटरच्या जोरालाही मुद्दाम आवर घातलेला असतो, कारण यंत्र चुकले तर चालकाला ते एका हाताने हटवता आले पाहिजे. सुरक्षिततेसाठी घातलेली ही वेसणच वळणावर अपुरी पडते आणि गाडी बाहेरच्या पट्ट्याकडे ढळते. काही गाड्या अशा वेळी इशारा देतात, काही नुसत्या सोडून देतात.

हे सगळे वाचून या यंत्रणा निरुपयोगी आहेत असा समज होऊ नये. त्याच विमा संस्थेच्या अभ्यासात, नुसता इशारा देणाऱ्या साध्या यंत्रणेमुळे लेन सोडल्याने होणारे अपघात ११ टक्क्यांनी आणि त्यांतले इजा होणारे अपघात २१ टक्क्यांनी कमी असल्याचे आढळले. युरोपीय संघाने तर ऐन वेळी गाडीला लेनमध्ये परत आणणारी यंत्रणा जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची केली आहे. कामाची वाटणी उलटी असल्यामुळे हे साधते. इथे माणूस गाडी चालवतो आणि यंत्र त्याच्या चुकीवर नजर ठेवते. यंत्राला कंटाळा येत नाही, म्हणून ते हे काम उत्तम करते. लेनच्या मध्यावर सतत धरून ठेवणारी यंत्रणा ही वाटणी फिरवते. यंत्र चालवते आणि माणूस पहारा देतो, जे काम त्याला जमत नाही हे मॅकवर्थ यांच्या घड्याळाने कधीच दाखवले आहे. एकाच बटणाच्या दोन दाबांमध्ये इतका फरक आहे, पण माहितीपुस्तिकेत तो सहसा असा मांडलेला नसतो.

भारतात २०२१ नंतर महिंद्र, होंडा, ह्युंदाई, टाटा यांच्या गाड्यांतून ही यंत्रणा मध्यमवर्गाच्या अंगणात आली, आणि तिची गाठ अशा रस्त्यांशी पडली जिथे पट्टा ही सूचना मानली जाते. दोन लेनच्या मधल्या रेघेवर दुचाकी निवांत चाललेली असते. डावीकडच्या लेनमध्ये उसाचा ट्रॅक्टर दिव्याविना उभा असतो. खड्डा चुकवायला अनुभवी चालक अर्धा पट्टा ओलांडून जातो, आणि इंडिकेटर न दिल्यामुळे यंत्रणा त्याला नेमकी खड्ड्याकडे परत रेटते. तो रेटा जोरकस नसतो, हाताने सहज मोडता येतो. पण अनपेक्षित असला तर दचकायला होते आणि दचकलेला माणूस उलट बाजूला जास्त ओढतो. शेजारून कंटेनर घासून जात असताना आपण न कळत गाडी वीतभर लांब घेतो. लेनच्या मध्याला चिकटलेली साधी यंत्रणा तसे करत नाही, कारण तिच्या लेखी लेनचा मध्य हा मध्यच असतो. इंडिकेटर देण्याची सवय या यंत्रणेमुळे काही चालकांना लागली, हा तिचा आपल्याकडचा अनपेक्षित फायदा मी मान्य करतो.

राहता राहिली पुढची काच. फास्टॅग लावायची सोयीची जागा म्हणजे आरशामागचा मधला भाग, आणि कॅमेराही तिथेच असतो. स्टिकर त्याच्या दृष्टिक्षेत्रात आला तर यंत्रणा अर्धवट आंधळी होते. डॅशबोर्डवरच्या चकचकीत गणपतीचे प्रतिबिंब काचेवर पडून कॅमेऱ्याच्या चित्रात मिसळू शकते. आणि काच बदलली तर कॅमेऱ्याचा कोन नव्याने जुळवावा लागतो. एका अंशाच्या फरकाने ५० मीटर पुढचा पट्टा ८७ सेंटिमीटर बाजूला दिसतो, म्हणजे लेनमध्ये एका बाजूला उरणाऱ्या सगळ्या मोकळ्या जागेपेक्षा जास्त. गाड्यांतले सॉफ्टवेअर चालता चालता थोडीफार चूक सावरते, सगळी नाही.

मेहुण्याच्या गाडीच्या काचेला दिवाळीच्या सुमारास डंपरमधून उडालेला खडा लागला आणि त्याने जवळच्याच दुकानातून नवी काच बसवून घेतली. काच उत्तम बसली. त्यानंतर गाडी लेनमध्ये सतत उजव्या पट्ट्याला लगटून चालते अशी त्याची तक्रार सुरू झाली, आणि आठवडाभर तो टायरची हवा आणि अलाइनमेंट तपासत होता. कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन करायला सपाट फरशी, गाडीसमोर मोजून उभा केलेला चौकटीचा फलक आणि दीड तास लागतो, असे सर्व्हिस सेंटरने सांगितले. तारीख पुढच्या बुधवारची मिळाली. तोवर ते बटण बंद ठेवायचे त्याने कबूल केले आहे.